कोंबडीच्या खाद्यातला सोमल

१९४४ ते २०११ अशी जवळजवळ सत्तर वर्षे अमेरिकेतल्या कोट्यवधी कोंबड्यांना खाद्यातून आर्सेनिक दिले जात होते. हे काही चोरून चालत नव्हते. त्याला सरकारी परवाना होता आणि लेबलावर तसे छापलेले असे. त्या संयुगाचे नाव रॉक्झारसोन. बाजारात ते ‘३-नायट्रो’ या नावाने विकले जाई. सोमल हे आर्सेनिकचे आपल्याकडे पूर्वापार माहीत असलेले रूप. रसायनशास्त्र आर्सेनिकला अर्धधातू म्हणते, पण विषशास्त्रात त्याचा विचार शिसे, पारा, कॅडमियम या जड धातूंबरोबरच होतो, कारण शरीरात आणि मातीत ते त्यांच्यासारखेच वागते. ही हकीकत बहुधा अशी सांगितली जाते: पूर्वी अज्ञानापोटी विष वापरले गेले, पुढे विज्ञान प्रगत झाले, विष सापडले आणि बंदी आली. ती खोटी नाही, पण तिच्यातून मुख्य गोष्टच निसटते. आर्सेनिक विषारी आहे हे १९४४ साली सगळ्यांना ठाऊक होते. उणीव होती ती योग्य प्रश्नाची. या सत्तर वर्षांत नियामकांनी मुख्यतः एकच विचारले: कोंबडीच्या मांसात आर्सेनिक किती उरते? जे मांसात उरत नाही ते जाते कुठे, हे विचारणे कुणाचेच काम नव्हते. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. ते कुजत नाही, जळून नाहीसे होत नाही, पचत नाही. फक्त जागा आणि रूप बदलते. अशा पदार्थाचा हिशेब ठेवायची जबाबदारी ज्या धंद्याच्या रचनेत कुणावरच येत नव्हती, त्या धंद्याचा हा इतिहास आहे.

या धंद्याची सुरुवात डेलमार्व्हा द्वीपकल्पावर झाली असे मानले जाते. डेलावेअर, मेरीलँड आणि व्हर्जिनिया या तीन राज्यांत वाटला गेलेला हा सखल, रेताड जमिनीचा पट्टा चेसापीक उपसागर आणि अटलांटिक महासागर यांच्या मध्ये आहे. त्या काळी तिथल्या कोंबड्या अंड्यांसाठी पाळल्या जात. मांस म्हणजे अंडी देणे थांबलेल्या कोंबड्यांचे आणि नको असलेल्या नरांचे. १९२३ साली ओशन व्ह्यू या गावातल्या सेसिल स्टील या बाईंनी पन्नास पिल्ले मागवली आणि चुकून पाचशे आली. त्यांनी ती परत न पाठवता वाढवली आणि मांसासाठी विकली. भाव इतका चांगला मिळाला की पुढच्या काही वर्षांत त्यांनी दहा हजार पक्ष्यांचे शेड उभे केले, आणि शेजारीपाजारी शेतकरीही त्याच वाटेने गेले. केवळ मांसासाठी पाळलेला, काही आठवड्यांत विक्रीला जाणारा पक्षी, म्हणजे ब्रॉयलर, हा स्वतंत्र माल झाला. दुसऱ्या महायुद्धात तर डेलमार्व्हाच्या कोंबड्या सरकारने लष्करासाठी राखून घेतल्या. पण अंगणात मोकळ्या फिरणाऱ्या पंचवीस कोंबड्या वेगळ्या, आणि तुसाच्या किंवा लाकडी भुशाच्या गादीवर दाटीने राहणारे दहा हजार पक्षी वेगळे. गादी पद्धतीत पक्षी आपल्याच विष्ठेवर वावरतो, आणि तिथेच त्याला रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस गाठते. आयमेरिया नावाचे सूक्ष्म परजीवी आतड्याच्या अस्तरात वाढतात, विष्ठेतून गादीत उतरतात आणि दुसऱ्या पक्ष्याच्या पोटात जातात. नव्या धंद्याची सगळी गणिते या रोगावर येऊन अडली.

त्यावरचा उपाय माणसाच्या औषधांमधून आला. आर्सेनिकची औषधी कीर्ती फार जुनी. आपल्याकडे रसशास्त्रात शुद्ध केलेल्या सोमलाचे कल्प होते. युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ‘फाउलर्स सोल्यूशन’ या नावाने आर्सेनिकचे टॉनिक विकले जात होते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत पॉल एरलिख यांनी आर्सेनिकची शेकडो कार्बनी संयुगे तपासली आणि १९१० साली उपदंशावरचे साल्व्हार्सान बाजारात आले. रसायनांतून शोधून काढलेले, विशिष्ट जंतूवर चालणारे ते पहिले मोठे औषध होते. त्याच्या कृतीत शेवटच्या टप्प्याच्या आधी जे संयुग तयार होते, ते म्हणजेच पुढे कोंबडीच्या खाद्यात गेलेले रॉक्झारसोन. हे नाते लक्षात घेतले की १९४० च्या दशकातला विश्वास समजतो. कार्बनला जोडलेले आर्सेनिक सोमलापेक्षा सौम्य असते, योग्य मात्रेत ते परजीवी मारते आणि रोग्याला वाचवते, हा एका पिढीच्या डॉक्टरांचा प्रत्यक्ष अनुभव होता. आयोवा राज्यातल्या चार्ल्स सिटी या गावात पशुवैद्य जोसेफ साल्सबरी यांनी कोंबड्यांच्या औषधांची कंपनी उभारली होती. तिच्या प्रयोगशाळेतून हे औषध आले, आणि कॉक्सिडिओसिसवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष नील मोअरहाउस आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९४६ साली प्रसिद्ध केले.

इथपर्यंतची वाट औषधाची होती. ती वळली १९४९ साली. त्या वर्षी मोअरहाउस यांनी दाखवले की ३-नायट्रो खाणाऱ्या निरोगी कोंबड्या आणि टर्कीसुद्धा अधिक वेगाने वाढतात. याच सुमारास लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत ऑरिओमायसिन या प्रतिजैविकाचा असाच परिणाम दिसला होता. कोंबडीला रोग असो वा नसो, खाद्यात थोडे औषध मिसळले की त्याच खाद्यात वजन जास्त भरते, ही कल्पना धंद्याने तत्काळ उचलली. औषधाला रोगी लागतो, आजाराचा काळ लागतो आणि उपचार संपण्याचा दिवस लागतो. वाढीसाठीच्या मिश्रणाला यातले काहीच लागत नाही. पिल्लू शेडमध्ये आल्यापासून विक्रीच्या काही दिवस आधीपर्यंत ते चालूच राहते. रॉक्झारसोनच्या मंजूर उपयोगांत वजनवाढ आणि खाद्याची बचत यांच्या जोडीला मांसा-कातडीचा रंग सुधारणे हाही एक होता. गिऱ्हाइकाच्या डोळ्याला बरे दिसावे म्हणूनही आर्सेनिक देता येत होते. एका टन खाद्यात पंचवीस ते पन्नास ग्रॅम ही मात्रा पाहताना किरकोळ वाटते. पण १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतले सुमारे सत्तर टक्के ब्रॉयलर उत्पादक ते वापरत होते, हे ध्यानात घेतले की किरकोळपणा उरत नाही.

नियामकांनी हे डोळे झाकून मान्य केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मर्यादा घातल्या. कोंबडीच्या स्नायूंत दहा लाख भागांत अर्धा भाग आर्सेनिक, काळीज आणि तत्सम अवयवांत दोन भाग, आणि अंड्यांत अर्धा भाग. कत्तलीआधी पाच दिवस औषध बंद ठेवायचे, म्हणजे पक्ष्याच्या शरीरातून ते निघून जाईल. या नियमांमागचा विचार नीट पाहिला की त्यातली पोकळी दिसते. पाच दिवसांची अट आर्सेनिक पक्ष्याच्या बाहेर काढण्यासाठी होती, आणि ते बाहेर पडले की नियमाच्या दृष्टीने प्रश्न मिटत होता. शिवाय मर्यादा एकूण आर्सेनिकची होती. त्यातले किती सौम्य कार्बनी रूपातले आणि किती अकार्बनी, म्हणजे कर्करोग घडवणाऱ्या रूपातले, हा भेद तिच्यात नव्हता. दरम्यान पिण्याच्या पाण्याबाबत ज्ञान पुढे सरकले. बंगालच्या नळविहिरींनी दाखवून दिले की पाण्यातले अल्प आर्सेनिक वर्षानुवर्षे पोटात गेले तर कातडीचे विकार आणि कर्करोग होतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली पाण्यासाठी अब्जात दहा भाग ही मार्गदर्शक मर्यादा ठेवली आणि अमेरिकेने २००१ साली आपली जुनी पन्नास भागांची मर्यादा दहावर आणली. पाण्याचा नियम पाचपट कडक झाला. कोंबडीचा आणि अंड्याचा होता तसाच राहिला.

आता पक्ष्याबाहेर पडलेल्या आर्सेनिकचा हिशेब पाहू. रॉक्झारसोन कोंबडीच्या शरीरात फारसे टिकत नाही. बहुतेक भाग जसाच्या तसा विष्ठेतून जातो. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या संशोधकांनी २००३ साली मांडलेला अंदाज असा: बेचाळीस दिवसांच्या आयुष्यात एक ब्रॉयलर सुमारे दीडशे मिलिग्रॅम रॉक्झारसोन बाहेर टाकतो. २००० साली अमेरिकेत आठ अब्जांहून अधिक ब्रॉयलर वाढवले गेले. त्यातल्या सत्तर टक्क्यांनी हे खाल्ले असे धरले तर वर्षाला सुमारे नऊ लाख किलो रॉक्झारसोन गादीत उतरते, आणि त्यातले शुद्ध आर्सेनिक सुमारे अडीच लाख किलो भरते. हे सगळे लिटर, म्हणजे विष्ठा मिसळलेली गादी, शेतांवर पसरले जाई, कारण नत्र आणि स्फुरद भरपूर असलेले ते उत्तम खत आहे. डेलमार्व्हासारख्या छोट्या पट्ट्यात शेड दाटीने उभी आणि लिटर दूर नेणे परवडत नाही, त्यामुळे त्याच त्या शेतांवर ते वर्षानुवर्षे पडत राहिले. खाली रेताड जमीन, उथळ भूजल, आणि पलीकडे खेकडे आणि कालवांसाठी प्रसिद्ध असलेला चेसापीक उपसागर. काही लिटर जनावरांच्या खाद्यातही गेले. पिसे दळून केलेली पूड खतात आणि पशुखाद्यात वापरली जाते. तिचे बारा नमुने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी तपासले, तेव्हा बाराही नमुन्यांत आर्सेनिक निघाले. मांसात न उरलेले आर्सेनिक असे अनेक वाटांनी पुन्हा अन्नसाखळीकडे वळत होते.

इतकी मोठी राशी इतकी वर्षे कुणाच्याच वहीत का आली नाही, याचे उत्तर विज्ञानापेक्षा करारात सापडते. महायुद्धानंतर अमेरिकेतला ब्रॉयलर धंदा करार पद्धतीवर गेला. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कोणते आणि किती हे ठरवणार कंपनी, वाढलेला पक्षी उचलणार कंपनी. शेतकऱ्याची जमीन, शेड, वीज आणि कष्ट. आणि दोन गोष्टींची मालकी मात्र शेतकऱ्याकडे: मेलेले पक्षी आणि लिटर. म्हणजे आर्सेनिक पोत्यात असेपर्यंत औषध कंपनीचे आणि खाद्य गिरणीचे, कोंबडीत असेपर्यंत पोल्ट्री कंपनीचे, आणि विष्ठेतून बाहेर पडले की ज्याने ते मागितले नव्हते आणि ज्याला त्याची मात्रा ठरवण्याचा अधिकार नव्हता त्या शेतकऱ्याचे. पुढे पावसाने ते ओढ्यात नेले की मग कुणाचेच नाही. सरकारी खात्यांची विभागणीही अशीच होती. औषधाची परवानगी एका खात्याकडे, मांसाची तपासणी दुसऱ्याकडे, पाणी आणि माती तिसऱ्याकडे. प्रत्येक जण आपल्या हद्दीतला तुकडा पाहत होता, आणि प्रत्येकाच्या तुकड्यात आकडा मर्यादेच्या आत होता. या रचनेत कुणी दुष्ट असण्याची गरज नाही. जिथे निर्णयाचा फायदा एकाला आणि त्याचा अवशेष दुसऱ्याला मिळतो, तिथे अवशेष मोजायचे कारणच कुणाला उरत नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे, आणि तो आकड्यांच्या आधाराने घेतला गेला. १९६९ साली जे. एल. मॉरिसन यांनी ब्रॉयलर पक्षी, लिटर, लिटर पडलेल्या जमिनी आणि तिथली पिके तपासली. लिटरमध्ये आर्सेनिक मिळाले, पण अनेक वर्षे लिटर घातलेल्या मातीत किंवा पिकांत त्याची लक्षणीय वाढ दिसली नाही. हा अभ्यास पुढे दीर्घकाळ निर्धास्त राहण्याचा आधार ठरला. पण मातीत साठले नाही याचा अर्थ नाहीसे झाले असा होऊ शकत नाही. मूलद्रव्याच्या बाबतीत तो अर्थ निषिद्धच आहे. पुढच्या संशोधनाने दाखवले की लिटरमधल्या आर्सेनिकचा बहुतांश भाग पाण्यात सहज विरघळतो. मातीत ते कमी दिसले, तर पाण्यात शोधायला हवे होते. दुसरा आधार होता कार्बनी रूप सौम्य असण्याचा. तो पक्ष्याच्या शरीरापुरता बऱ्याच अंशी खरा होता, लिटरच्या ढिगात मात्र नव्हता. २००३ साली दिसले की ओल्या, उबदार लिटरमध्ये रॉक्झारसोन महिनाभरात अकार्बनी आर्सेनिकमध्ये बदलते, आणि २००७ साली जॉन स्टोल्झ यांच्या गटाने दाखवले की लिटरमधलेच क्लॉस्ट्रिडियम गटातले जिवाणू प्राणवायू नसताना हे रूपांतर काही दिवसांत घडवतात. सौम्य म्हणून परवाना मिळालेले संयुग खताच्या ढिगात मूळच्या विषाकडे परतत होते. आणि ज्याला पुरावा अगदी ढळढळीत हवा असेल त्याच्यासाठी चार्ल्स सिटी होतेच. तिथल्या कारखान्याचा आर्सेनिकयुक्त कचरा १९५३ ते १९७७ या काळात सीडर नदीकाठच्या लाबाउंटी या जागेवर टाकला गेला आणि पुढे ती जागा सरकारला अत्यंत दूषित स्थळांच्या यादीत घालावी लागली. साखळीच्या पहिल्या टोकाला, जिथे कारखाना होता, आर्सेनिक कुठे जाते हे १९७० च्या दशकातच दिसले होते. ते ज्ञान साखळीच्या दुसऱ्या टोकाला, शेताकडे, पोहोचले नाही.

मांसाबद्दलचा पुरावाही हळूहळू जमत होता. सरकारनेच १९९४ ते २००० या काळात गोळा केलेली आकडेवारी २००४ साली टमार लास्की आणि सहकाऱ्यांनी तपासली. कोवळ्या कोंबड्यांच्या काळजात सरासरी दहा लाखांत ०.३९ भाग आर्सेनिक होते, इतर मांसापेक्षा तिप्पट-चौपट. मर्यादा दोन भागांची असल्याने हे सगळे नियमात बसत होते आणि म्हणूनच कुठे घंटा वाजली नव्हती. मग अन्न व औषध प्रशासनाने स्वतः शंभर ब्रॉयलरांवर प्रयोग केला, आणि २०११ च्या जूनमध्ये जाहीर केले की रॉक्झारसोन खाल्लेल्या कोंबड्यांच्या काळजात अकार्बनी आर्सेनिक अधिक आहे. म्हणजे रूपांतर लिटरच्या ढिगापुरते नव्हते. काही अंशी ते पक्ष्यातही घडत होते. फायझरच्या अल्फार्मा या उपकंपनीने विक्री थांबवली. २०१३ साली कीव्ह नाकमन आणि सहकाऱ्यांनी दहा शहरांतल्या दुकानांमधून, विक्री थांबण्यापूर्वी घेतलेल्या कोंबडीचे निष्कर्ष छापले: नेहमीच्या कोंबडीत किलोमागे सरासरी १.८ मायक्रोग्रॅम अकार्बनी आर्सेनिक, सेंद्रिय प्रमाणपत्राच्या कोंबडीत ०.६. सेंद्रिय नियमांत हे औषध चालत नव्हते, त्यामुळे फरक कशाने पडला याचा अंदाज अवघड नव्हता.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो टाळू नये. किलोला १.८ मायक्रोग्रॅम ही मात्रा अगदी अल्प आहे. तांदळात अकार्बनी आर्सेनिक याच्या कित्येक पट असते, आणि भात तर आपण सगळेच खातो. मग कोंबडीबद्दल एवढा आकांत कशाला? आकांत नको, हे मान्य. ज्या कुटुंबाने त्या काळात कोंबडी खाल्ली त्याला घाबरवणे चुकीचे ठरेल. पण तांदळाची तुलना उलट दिशेने बोलते. भातपीक पाण्यात उभे असते आणि जमिनीतले आर्सेनिक सहज ओढून घेते. त्यातले काही निसर्गाने ठेवलेले असते, आणि काही, विशेषतः अमेरिकेच्या दक्षिणेत, पूर्वी कापसावर फवारलेल्या आर्सेनिकच्या कीटकनाशकांचे असते. म्हणजे आज ज्याला आपण तांदळाचे स्वाभाविक आर्सेनिक म्हणतो, त्यातला काही भाग कालच्या शेतीने मातीत घातलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या तो तिथेच आहे. एका स्रोतातून येणारे विष दुसऱ्यापेक्षा कमी आहे म्हणून ते चालवून घ्यावे, हा युक्तिवाद प्रत्येक स्रोताला लागू पडतो, आणि शेवटी सगळ्यांची बेरीज एकाच शरीरात होते. शिवाय जमिनीतले जुने आर्सेनिक काढून टाकता येत नाही. पोत्यातले थांबवता येत होते.

तिसरा आक्षेप धंद्याचा: या औषधाविना स्वस्त कोंबडी शक्य नव्हती, आणि स्वस्त प्रथिनांनी गरिबांचे ताट भरले. स्वस्त प्रथिनांचे मोल मोठे आहे, यात शंका नाही. पण ती स्वस्ताई आर्सेनिकवर उभी होती का? कॉक्सिडिओसिसची लस १९५२ सालापासून उपलब्ध होती. १९७१ साली मोनेन्सिन हे नवे औषध आले आणि त्या गटातल्या औषधांनी या रोगाचा मुख्य भार उचलला. आर्सेनिक मग बहुतांशी पूरक म्हणून, वजनासाठी आणि रंगासाठी उरले. टायसन या अमेरिकेतल्या अवाढव्य कोंबडी कंपनीने २००४ साली आणि डेलमार्व्हातल्याच पर्ड्यूने २००७ साली ते सोडले. दोन्ही कंपन्या टिकल्या आणि त्यांची कोंबडी दुकानातून हटली नाही. युरोपीय संघात तर शतक पालटताना अशा औषधांना खाद्यात जागाच नव्हती, आणि युरोपही कोंबडी खातच होता. ज्या गोष्टीवाचून धंद्याचे अडत नव्हते ती इतकी वर्षे चालली, कारण तिची पूर्ण किंमत वापरणाऱ्याला द्यावी लागत नव्हती. पोत्यामागच्या किमतीत लिटर तपासण्याचा, विहीर तपासण्याचा किंवा चार्ल्स सिटीची जमीन साफ करण्याचा खर्च धरलेला नव्हता. तो धरला असता तर हा माल स्वस्त राहिला नसता.

राहिला चौथा आक्षेप, मागाहून येणाऱ्या शहाणपणाचा. १९४४ च्या माणसांना २०१३ चे मोजमाप कसे माहीत असणार? अकार्बनी आर्सेनिकचे सूक्ष्म अंश वेगळे मोजणारी यंत्रे तेव्हा नव्हती, हे खरे. म्हणून १९४४ च्या निर्णयाला मी दोष देत नाही. युद्ध चालू होते, रोग खरा होता, आणि साल्व्हार्सानने आर्सेनिकला प्रतिष्ठा दिली होती. पण दोन गोष्टी तेव्हाही माहीत होत्या. आर्सेनिकचे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांना कातडीचा कर्करोग होतो असे निरीक्षण लंडनचे जोनाथन हचिन्सन यांनी १८८० च्या दशकातच नोंदवले होते. आणि मूलद्रव्य नष्ट होत नाही हे शाळकरी रसायनशास्त्र आहे. औषध बहुतांशी विष्ठेतून जाते, विष्ठा शेतावर जाते, आणि आर्सेनिक मूलद्रव्य आहे, ही तीन विधाने एकापुढे एक ठेवायला कोणतेही यंत्र लागत नव्हते. दोष द्यायचाच तर तो परवाना पुन्हा न तपासण्याला द्यावा लागेल. कर्करोगाबद्दलचे पुरावे भक्कम झाले, पाण्याची मर्यादा बदलली, लस आली, पर्यायी औषधे आली. परवाना मात्र एकदा दिला तो दिला.

आणि तो संपलाही विचित्र रीतीने. २००९ साली नागरी संघटनांनी परवाने रद्द करावेत असा अर्ज केला. उत्तर येईना म्हणून २०१३ साली त्या न्यायालयात गेल्या. त्या वर्षी सप्टेंबरअखेर प्रशासनाने जाहीर केले की आर्सेनिकच्या खाद्य-औषधांच्या १०१ मंजुऱ्यांपैकी ९८ रद्द होत आहेत, तेही बहुतांशी कंपन्यांनीच त्या सोडायची तयारी दाखवल्यामुळे. टर्कीच्या एका रोगावरचे नायटारसोन २०१५ अखेरपर्यंत चालले. मेरीलँडने २०१२ साली आपला बंदीचा कायदा केला, आणि तसे करणारे ते पहिले राज्य ठरले. चीनने अशा औषधांवरच्या बंदीचा निर्णय २०१८ साली जाहीर केला. कंपन्यांनी आपण होऊन विक्री थांबवली म्हणजे व्यवस्था चालली, असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. उत्पादकाच्या मर्जीने सुटलेला प्रश्न उत्पादकाच्या मर्जीने पुन्हा उभा राहू शकतो. कंपन्यांनी परवाने सोडल्यामुळे अंडी आणि मांस यांच्यासाठीच्या जुन्या मर्यादा कशाच्या आधारे ठरल्या होत्या आणि लिटर का मोजले गेले नाही, याची उत्तरे अधिकृतपणे कधी द्यावीच लागली नाहीत.

महाराष्ट्राला हा इतिहास परका वाटू नये. रॉक्झारसोनचा प्रश्न अमेरिकेचा होता, पण ज्या रचनेने तो लपवला ती आपल्याकडेही आहे. इथेही करार पद्धतीत पिल्ले, खाद्य आणि औषध कंपनीचे, शेड आणि राबणूक शेतकऱ्याची. आणि बॅच गेली की कोंबडी खत द्राक्षबागेत, उसात, भाजीपाल्यात. भारत सरकारने २०१९ साली पशुखाद्यातल्या कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी घातली, ती योग्यच होती. पण एकेक रेणू पकडून बंदी घालणे हे उशिरा जागे होण्याचे लक्षण आहे. तांबे आणि जस्त हे धातू आजही पोषण म्हणून कोंबडीच्या खाद्यात असतात. ते आवश्यकही आहेत, पण गरजेपेक्षा जे जास्त घातले जाते ते आर्सेनिकसारखेच खतातून जमिनीत उतरते. म्हणून खाद्यात कोणतेही मूलद्रव्य घालायची परवानगी मागणाऱ्याकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: पक्ष्याबाहेर पडलेला भाग कुठे जाईल, तिथे तो कोण मोजेल, आणि मोजण्याचा खर्च कोण देईल. मांस आणि अंडी यांच्याबरोबर खताचीही नियमित तपासणी व्हावी, आणि परवान्याला मुदत असावी, म्हणजे नवे ज्ञान आले की जुना निर्णय आपोआप पुन्हा टेबलावर येईल. खाद्याचा निर्णय ज्याचा, खताची जबाबदारीही त्याचीच, एवढे एक वाक्य करारात घातले तरी पुष्कळ साधेल. डेलमार्व्हाच्या शेतकऱ्याच्या करारात ते असते, तर हा हिशेब सत्तर वर्षे लांबला नसता.